चार भिकाजी आणि राहिलेल्या दोन ओळी

१२ जानेवारी, सोमवार

निषेध. जाहीर करायला व्यासपीठ नाही म्हणून इथे, स्वतःच्या वहीत, पूर्ण गांभीर्याने. दुपारी दोन ते चार झोपलेल्या बाईच्या दाराची बेल वाजवणाऱ्याला नरकात वेगळी खोली असावी, आणि त्या खोलीलाही बेल असावी.

या महिन्यातली तिसरी खेप. कुरियरवाला. "भिकाजी कौन है?"
म्हटलं, होते. माझे वडील. वारले, आठ वर्षं झाली.
"तो ओटीपी कौन देगा?"

दारावर बाबांची पाटी आहे, ती काढवत नाही, हा माझा दोष. पण पाकीट तळमजल्यावरच्या भिकाजींचं. भिकाजी जाधव, चाळीसाठी अर्जकाका. त्यांच्या दारावर पाटी नाही. "मला कोण ओळखत नाही?" हा त्यांचा युक्तिवाद. नात बंगलोरहून वस्तू पाठवते, पत्त्यात लिहिते भिकाजी, चाळीचं नाव, लालबाग. खोली नंबर नाही. वाटत असेल आजोबा म्हणजे परळचा पूल, कोणीही दाखवेल. परिणाम: तीन जिने आणि माझे गुडघे. आजवर आलेलं: ओट्स, गुडघ्याचा पट्टा (घालून पाहिला, मलाच जास्त लागू), आज एक भिंग.

भिंग घेऊन खाली. अर्जकाका (यापुढे अ. का., हात दुखतो) खुर्चीत, पेपर नाकाला टेकलेला. भिंग माझ्यावर धरलं. "मंदा, म्हातारी झालीस की."
"भिंग आहे काका. मोठं दाखवतं."
"वयसुद्धा?"

मग सहज सांगावं तसं सांगितलं. डावा डोळा गेल्यात जमा. उजव्याचं ऑपरेशन ५ फेब्रु., गुरुवारी. डॉक्टर म्हणतात, वाचेल तेवढं वाचवू, शब्द देत नाही. वय अठ्ठ्याऐंशी. हे सगळं रेशनला साखर आली नाही अशा सुरात.

पट्टा परत मागितला नाही. मीही विषय काढला नाही.


१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. नंदू तिळगूळ घेऊन आला तेव्हाच ओळखलं, काम आहे. नंदू म्हणजे चाळ कमिटीचा चिटणीस. सातवीपर्यंत माझी वही बघून पास झाला, आता मला शब्दमर्यादा देतो.

चाळीची शंभरी. नक्की कधी भरली ते कोणाला माहीत नाही, पण स्मरणिकेच्या जाहिराती मिळाल्यात, म्हणजे भरली. "मंदे, तुझ्यासाठी खास पान. आमचे भिकाजी. प्रत्येकी दोनशे शब्द. आणि हे बघ, तुझ्या रविवारच्या सदरासारखं चावू नकोस कोणाला."
"किती भिकाजी?"
"तीन. फक्त दिवंगत. हयात माणसाचं छापलं की बाकीचे हयात भांडतात."

म्हणजे अ. का. बाहेर. नियम नियम असतो, विशेषतः नंदूने केलेला.

भिकाजी हे नाव कोणी हौसेने ठेवत नसे. आधीची दोन-तीन मुलं हाती लागली नाहीत की पुढच्याला हे. आई पाच घरी भीक मागून मूठ मूठ तांदूळ आणायची. मूल आमचं नाही, भिकेत पडलंय, याला काय न्यायचं, असं मृत्यूला वाटावं. कोकणातून गिरणीत आलेल्या पिढीत असे पुष्कळ, सगळ्या जातींत. भीती सगळ्यांना सारखीच. आमच्या एका चाळीत चार. आडनावं कोणी वापरत नसे. भोंगा, राजा, नळ, अर्ज, एवढ्यावर भागायचं.

आता चाळीत दोन विहान आहेत आणि एक कियान. भिकाजी पुन्हा होणे नाही. आया निर्धास्त झाल्या, चांगलंच आहे.


१७ जानेवारी, शनिवार

भिकाजी भोंगा लिहून झाले. एका बैठकीत.

संपानंतर गिरणीचा भोंगा बंद पडला आणि चाळीची सकाळच मोडली. घड्याळं होती, पण घड्याळावर उठायची कोणाला सवय? भोंगाकाकांनी पितळी डाव घेतला आणि रोज पहाटे साडेपाचला तिन्ही मजल्यांचे कठडे वाजवत फिरू लागले. त्यांना स्वतःला कुठेच जायचं नव्हतं, त्यांचीच गिरणी बंद. शाळेची पोरं, दूधकेंद्रावरच्या बायका, कुठे कुठे चिकटलेले पुरुष, सगळे त्या डावावर उठले. तीन वर्षं. मोबदला: शिव्या. ज्या दिवशी हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी अर्ध्या चाळीला उशीर झाला. तेव्हा कुठे लोकांनी विचारलं, काका कुठायत?

हे छापायला ठीक. पुढचं फक्त वहीत.

मी तेरा वर्षांची. अक्षर बरं म्हणून फाटकातला फळा माझ्याकडे. पाणी किती वाजता, सभा कधी, कोण गेलं. खालच्या किराणा दुकानात फोन आला, भिकाजी भोंगा गेले. फळ्यावर "भोंगा" कसं लिहिणार? मेल्यावर माणसाला आडनाव लागतं. चार जणांना विचारलं, एकालाही माहीत नाही. वीस वर्षांचे शेजारी! शेवटी जिन्याखालच्या विजेच्या मीटरांवर नावं होती, तिथे गेले. चार भिकाजी. पहिला दिसला तो घेतला. "कै. भिकाजी जाधव. अंत्ययात्रा संध्या. ७."

साडेपाचला अ. का. कचेरीतून परतले तर दारात बांबू, आणि भिकाजी राजांची बायको, राजाकाकी, त्यांना बघून जिन्यात बसलेली.

ओरडले नाहीत. चष्मा काढला, पुसला, फळा वाचला. "अक्षर छान आहे. चुका दोन. एक, मी मेलेलो नाही. दोन, मेलो तरी आमच्यात कै. लिहीत नाहीत, आम्ही कैलासात जात नाही. कालकथित लिहायचं. पुढच्या वेळी लक्षात ठेव." आणि मग जरा थांबून, "नाव, वेळ, झालं? एवढं तर पार्सलवरही असतं. माणूस काय होता, त्याच्या दोन ओळी नकोत?"

आपलं आडनाव स्वतःच्या रुमालाने पुसलं. भोंगाकाकांच्या दोन ओळी माझ्याकडून लिहून घेतल्या, तिथेच उभ्याने. जाताना म्हणाले, "माझ्या दोन राहिल्या तुझ्याकडे."

तेव्हापासून आमच्या फळ्यावर प्रत्येक गेलेल्याच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या कुठल्या चाळीत पाहिलं नाही. एक्केचाळीस वर्षं मीच लिहितेय. माझं लेखनाचं सगळं शिक्षण तिथलं. दोन ओळी, खोटं नको, आणि घरचे मागे उभे.

त्यांच्या दोन मात्र...


२० जानेवारी, मंगळवार

भिकाजी राजा. दिवसा गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवायचे; गणपतीत दशावतारातला राजा. पगार आणि रुबाब यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो याचं चालतं-बोलतं उदाहरण.

माहितीसाठी राजाकाकीकडे. "त्येंचा काय लिवतलंस? घोरायचे. राजासारखे घोरायचे."
मग ती गोष्ट निघाली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका विधवेची खोली बळकावायला चार जण आले, नेमके नाटकाच्या दिवशी. काका रंगून बसलेले, मुकुट, मिश्या, सगळं. तसेच उठले. जिन्यात आडवे उभे राहिले आणि शुद्ध राजभाषेत विचारलं, "कोण रे तुम्ही? कोणाच्या आज्ञेने आलात?" चौघांना नक्की काय वाटलं कोणास ठाऊक. गेले, आणि परत आले नाहीत.
"काकी, पण तलवार तर पत्र्याची ना?"
"ता त्यांका खंय ठाऊक?" मग पदर तोंडाला. "ह्येंकाय नाय ठाऊक. थरथरत इले माझ्याकडे. मुकुट मीच काढलंय."

हे थरथरणं छापायचं की नाही? छापणार. त्याशिवाय राजा कसला.


२५ जानेवारी, रविवार

भिकाजी नळ. म्हणजे आमचे बाबा. पाच दिवस टाळलं.

महापालिकेत चावीवाले. रस्त्यातल्या झाकणाखालची चावी फिरवायची, की वस्तीला पाणी. चाळीतल्या टाकीच्या वाटपाचं वेळापत्रकही त्यांचंच. आधी आजारी माणसांची घरं, मग लेकुरवाळी, मग बाकीची. शेवटी आम्ही. पाणी सोडणाऱ्याच्या घरी पाण्याचा ठणठणाट. आई म्हणायची, "गावाला गंगा, घराला वाळवंट." तिने या एका गोष्टीसाठी त्यांना कधी माफ केलं नाही, आणि वेळापत्रकात कोणाला ढवळाढवळही करू दिली नाही. मी तक्रार केली की मलाच, "गप. बाप आहे तो तुझा, टँकर नाही."

नोकरी कशी लागली एवढं लिहायचं राहिलं होतं. आजीची कथा: "आमच्या भिक्याला दत्ताच्या कृपेने लागली." खात्री करायला अ. का. ना विचारलं, त्या काळचे सगळे अर्ज त्यांचेच. ते हसले. म्हणाले, दत्ताची कृपा असेल, पण अर्जावर सही कोणाची?

जसं आठवतं तसं:

"तुझी आजी वरून ओरडली, जिन्यातच उभा राहा रे, आत जाऊ नकोस. तुझा बाप जिन्यात उभा. म्हटलं, शाई आत आहे. आला. आमच्या हिने चहा ठेवला. म्हणतो, उपास आहे. म्हटलं, उपासाला चहा चालतो. म्हणतो, आईने सांगितलंय. म्हटलं, मग अर्ज आईकडून लिहून घे."
"मग?"
"बसला बघत. पार गार झाल्यावर प्यायला. एका घोटात, एरंडेल प्यावं तसा. मग मी पेन उघडलं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा आपणहून आला. म्हणाला, आज गरम द्या."

हा त्यांचा नियमच होता. आधी चहा, मग अर्ज. फी नाही, भाषण नाही. नोकरीचा, शाळेचा, नर्सिंगचा, रेशनकार्डाचा. वरच्या मजल्यांवरचे सगळे प्यायले. एकेक, लपून, घरी न सांगता. प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच.
"आमच्या हिला मोठं पातेलं घ्यावं लागलं," अ. का. म्हणाले. "वर्षाच्या आत."

बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही. मी वीस वर्षं लोकांच्या ढोंगावर दर रविवारी लिहिते, आणि ज्या पगारावर शिकले तो ज्या कपातून आला तो कप मला आज कळतो.

लिहिलं. जसंच्या तसं.


२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन, जिलेबी, नंदू. पानं वाचली. भोंगा छान, राजा फर्स्टक्लास, नळ वाचताना चेहरा बदलला.

"मंदे, चहाचं काढ."
"का?"
"जुनं उकरून काय मिळणार? लोकांना वाईट वाटेल. असं लिही ना, सर्व समाजाचे लोक गुण्यागोविंदाने राहत होते."
"गुण्यागोविंदाने राहत होते तर चहा लपून का प्यायले?"
"तू सदर लिहू नकोस ना इथे!"
"नंदू, तुझ्या ताईचा नर्सिंगचा अर्ज कोणी लिहिला?"
त्याने जिलेबीचा तुकडा मोडला.
"ताई प्यायली असेल ना?"
"प्यायली असेल. मला काय विचारतेस? मी लहान होतो." मग एकदम मऊ. "मला सगळ्यांना धरून राहायचंय गं. तुझं बरं आहे, तू एकटी आहेस."

हे बोचलं. कारण खरं आहे. पानं घेऊन गेला, "बघतो" म्हणाला. त्याचं "बघतो" म्हणजे डोळे मिटून.


२९ जानेवारी, गुरुवार

अ. का. ना तिन्ही चरित्रं वाचून दाखवली. भोंग्याला मान डोलावली. राजाला हसले. नळाला कप हातात गोल फिरवत राहिले. मग, "चौथा कुठाय?"
नियम सांगितला. फक्त दिवंगत.
"मग मी बसतो की. एकदा झालोय दिवंगत. तुझ्याच अक्षरात. साक्षीदार हयात आहेत, राजाच्या बायकोला विचारा."

हसलो दोघं. नंतर हसले नाहीत. "स्मरणिका राहू दे. माझ्या दोन ओळी पाच तारखेच्या आत दे. मला वाचायच्यात. वाचून दाखवू नकोस. सगळा जन्म कागदात गेला माझा, ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही."

सात दिवस. दोन ओळी. मी महिन्याला चार हजार शब्द पाडते.


२ फेब्रुवारी, सोमवार

मसुदा एक: "निरलस समाजसेवक". शी.
मसुदा दोन: "अनेकांच्या आयुष्याला दिशा देणारे". हे तर कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत असतं.
मसुदा चार, सात, नऊ. सगळे गोड. मला गोड जमत नाही. लोकांचं वाईट लिहिताना लेखणी कशी आपोआप पळते. गेलेल्यांचंही जमतं, ते उलटतपासणी करत नाहीत. पण हा माणूस समोर बसून वाचणार, आणि त्याला अक्षरापासून व्याकरणापर्यंत सगळं कळतं.

शिवाय दुसरीच अडचण. आजमावून पाहावं म्हणून भोंगाकाकांचं पान मोठ्या टाइपात छापून नेलं. भिंगाखाली धरलं, दूर धरलं, जवळ धरलं. "मुंग्या," म्हणाले. "पळतात गं." कागद हळूच माझ्याकडे सरकवला.

मी उठताना, मुद्दाम सहज आवाजात, "फळा दिसतो मला अजून. जवळ गेलं की. परवा वाचलं, पाणी सात वाजता."


४ फेब्रुवारी, बुधवार

नंदूचा मेसेज: चहाचा परिच्छेद कमिटीपुढे ठेवतो, नक्की सांगता येत नाही. काकांचं पान नियमात बसत नाही. पुढे नमस्काराचे हात, तीन.

फळा मात्र कमिटीच्या ताब्यात नाही. एक्केचाळीस वर्षांत त्याचा ठराव करायचं कोणाला सुचलं नाही.

खडू आणले. पांढरे, जाड. दुकानदार म्हणाला, "कोण गेलं?" म्हटलं, कोणी नाही. त्याने चार दिले, मी दोन मागितले होते.


५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार

हॉस्पिटलातून फोन नाही अजून. अडीच वाजले. आज झोपायचा प्रश्न नाही, बेल वाजली तर बरं, असं झालंय.

सकाळचं लिहून ठेवते.

साडेसातला फाटकात. पाण्याची वेळ पुसली, कोपऱ्यात बारीक लिहिली. बाकी सगळा फळा मोकळा. वीतभर अक्षरं काढायची तर खुर्ची लागली, वॉचमनची घेतली. गुडघ्याला पट्टा होता. कै. नाही, कालकथित नाही, तारीख नाही.

*भिकाजी जाधव अर्ज लिहिण्याआधी चहा पाजत.*
*तो आम्ही लपून प्यायलो आणि नोकऱ्या उघड केल्या.*

वाचलं. खोटं नाही. गोडही नाही. खाली थोडी जागा उरली होती, तिथे लहान अक्षरात: *अजून आहेत.*

राजाकाकी दुधाची पिशवी घेऊन आली, फळ्यावरचं नाव बघून आधी रडली, मग चष्मा लावला. "मेले नाय तर मग माका रडवलंस कित्याक गो?" पण पुन्हा वाचलं. हळूच म्हणाली, "मीय प्यायलंय. रेशनकार्डाच्या वक्ताक. त्येंका सांगूक नाय कधी."

मग नंदू. बनियन, तोंडात ब्रश. दोन्ही ओळी वाचल्या. मी खुर्चीवरून उतरले नाही. म्हटलं, पुसायचं तर मला आधी उतरव. तो आत गेला. चूळ भरून आला. फळ्यासमोर त्याचीच स्कूटर लावलेली होती, म्हणजे माणसाला जवळ जाता येत नव्हतं. ती काढून पलीकडे लावली. स्मरणिकेबद्दल अवाक्षर नाही.

पावणेनऊला अ. का. निघाले. इस्त्रीचा शर्ट, नातीचा हात. ती पहाटेच्या विमानाने आलीय. टॅक्सी फाटकात उभी. फळ्याकडे बघून थांबले, नातीचा हात सोडवला. म्हणाली, "आजोबा, मी वाचते ना." म्हणाले, "तू थांब."

नाक फळ्याला लागेल इतके जवळ गेले. बोट पहिल्या अक्षराखाली धरलं, न टेकवता, पुसलं जाऊ नये म्हणून. एकेक शब्द. ओठ हलत होते. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, नंदूने त्याला हातानेच गप्प केलं. पहिली ओळ संपली. बोट दुसरीवर आलं, "लपून"पाशी थांबलं.

मी खडू फळ्याच्या खाचेत ठेवला आणि जिना चढून वर आले.